ऐंशीवरचा काटा

भिवंडीत कुणाच्या गाडीचा वेग दाखवणारा मीटर बिघडला की तो दोनपैकी एक गोष्ट करायचा. तसाच ठेवायचा, नाहीतर माझ्या भावाकडे यायचा. तिसरा रस्ता नव्हता. मी हे भाऊ म्हणून सांगत नाही. धामणकर नाक्यावर जुने रिक्षावाले अजून आहेत, त्यांना विचारा. कल्याणहून, वाड्याहून लोक मीटर रुमालात बांधून आणायचे. एकजण तर शहापूरवरून गाडी ढकलत आला होता. मीटरसाठी गाडी ढकलायची गरज नसते हे त्याला वाल्मीकनेच सांगितलं.

वाल्मीक माझा धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मी यादव. शिकलो सातवी, पण कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात जॉबर होतो. जॉबर म्हणजे बंद पडलेली लूम चालू करणारा माणूस. पूर्णा गावात दाजीशेठच्या बारा लूम माझ्या हातात होत्या आणि बाराच्या बारा माझं ऐकायच्या. तेव्हा पूर्ण्याला आजच्यासारखी गोदामं नव्हती, भातशेती होती, आणि शेताच्या कडेला पत्र्याखाली खडखड चालायची.

वाल्मीक दहावीला इंग्रजीत नापास झाला. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर शिफ्टला. आमची आई, जाईबाई, आडवी आली. "त्याला लूमवर घालू नको. त्याचे हात बघ जरा. तुझे हात म्हंजे फावडी हायत." आई खरं बोलत होती. मग मी स्वतः नाक्यावरच्या एका घड्याळवाल्या चाचांकडे त्याला नेऊन बसवला. म्हणजे पुढं जे काही झालं, त्याची सुरुवात माझ्या पायांनी झाली, हे लक्षात ठेवा.

चार वर्षं तो डोळ्याला भिंग लावून बसला. मग एक दिवस एक रिक्षावाला वैतागून आला, मीटरचा डबा टेबलावर आपटून बोलला, "चाचा, इसमें भी तो सुई है, देख लो." चाचा हसले. वाल्मीकने उघडला. तिथून तो मीटरवाला झाला.

गॅरेजवाले मीटरला हात लावायचे नाहीत. इंजिन खोलतील, चाक खोलतील, पण मीटर म्हटलं की "वो छोड दो, चलती है ना गाडी?" वाल्मीकची पद्धत वेगळी. आधी गाडीला हात लावायचाच नाही. गिऱ्हाइकाला विचारायचा, "काटा मेलाय, थरथरतोय, की खोटं बोलतोय?" मला त्याने हे इतक्या वेळा सांगितलंय की मला पाठ आहे. काटा मेला आणि किलोमीटरचे आकडे पण थांबले, तर खाली बघ. चाकातली छोटी गरारी झिजली असेल किंवा केबल तुटली असेल. काटा थरथरला तर केबल वाकलीय नाहीतर कोरडी पडलीय. पण किलोमीटरचे आकडे बरोबर पळतात आणि काटा खोटं दाखवतो, तर खाली शोधू नको. चूक वर आहे, डब्यात.

आता अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट सांगतो. ती सांगितली की भाऊ काय चीज आहे ते कळेल.

दसरा होऊन पंधरा दिवस झाले होते. दाजीशेठचा मुलगा केसरीनाथ दुपारी कारखान्यात आला. हा एरवी आला की आधी आरशात केस बघणार. त्या दिवशी आला आणि सुताच्या गठ्ठ्यावर बसला. बोलला, "यादवदादा, माझं लग्न मोडलं."

"ठरलं कधी होतं?" मी म्हटलं.

"ठरलंच होतं. सुपारी फुटायची बाकी होती."

मुलगी गणेशपुरीजवळच्या गावातली, कमळ नाव. दहावी पास. याने तिला बघितली, तिने याला बघितलं, दोघांना पसंत. मुलीचे वडील महादूतात्या घर बघायला पूर्ण्याला आले होते. जेवण झालं, सगळं छान. दाजीशेठने मोठ्या मनाने सांगितलं, केसरी, तात्यांना एसटीने कशाला, आपल्या गाडीवरून सोड. केसरीची लाल शंभर सीसी, नवीकोरी. तात्या मागे बसले. अंबाडी नाका गेला, वज्रेश्वरीचा रस्ता लागला, आणि तात्यांनी खांद्यावरून पुढं बघितलं. काटा ऐंशीवर.

तात्या बोलले, "थांबव."

उतरले. तिथून एसटीची वाट बघत रस्त्यावर उभे राहिले. केसरी हात जोडून म्हणतोय, तात्या, मी चाळीसनेच चालवत होतो. तात्या एकच बोलले, "मना डोळे हायत." दुसऱ्या दिवशी निरोप आला. मुलगी देणार नाही.

कारण होतं. तात्यांचा पुतण्या दौलत दोन वर्षांपूर्वी अंबाडीच्या वळणावर गाडीवरून गेला. त्याची विधवा बायको तात्यांच्याच घरात. रोज डोळ्यांसमोर. आता अशा माणसाला तुम्ही काय सांगणार?

"चाळीसच होता ना खरं?" मी विचारलं.

"आईशप्पथ दादा. मी काट्याकडं बघतच नाही, हाताच्या अंदाजानं चालवतो. म्हाताऱ्याला मागं बसवून मी ऐंशी मारीन?"

मी उठलो. म्हटलं, "मग मीटर खोटा. माझा भाऊ सिद्ध करील. चल." दाजीशेठ बाजूच्या ऑफिसातून ऐकत होते, ते पण बाहेर आले. बोलले, "यादव, तुझा भाऊ हे करंल?" मी म्हटलं, शेठ, नाही केलं तर मी ही नोकरी सोडतो. असं बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पण माझ्या तोंडाला सवय आहे, आणि आजपर्यंत ती मला महागात पडलेली नाही.

नाक्यावर वाल्मीक एका रिक्षाच्या केबलला ग्रीस लावत बसला होता. सगळं ऐकलं. मला बोलला, "दादा, तू नोकरीची पैज लावलीस?"

"लावली."

"मला न विचारता?"

"तुला काय विचारायचं? तू करणारच."

त्याने कपाळावर हात मारला आणि गाडी घेऊन वाड्याच्या रस्त्याला गेला. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात ना, एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत चालवायची, मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजायचे. तासाभराने आला. "आकडे एकदम बरोबर. दगड ते दगड एक किलोमीटर, मीटरमध्ये पण एक. म्हणजे चाक, गरारी, केबल ठीक. पण काटा ऐंशी दाखवतो तेव्हा किलोमीटरला दीड मिनिट लागतं. खरा वेग चाळीस." मग त्याने आम्हाला काटा दाखवला. गाडी उभी होती, तरी काटा शून्यावर यायला तयार नव्हता. जेवण झालेल्या माणसासारखा हळूहळू, रेंगाळत खाली येत होता.

दाजीशेठ खूश. "खोल मग आत्ताच. दुरुस्त कर. संध्याकाळपर्यंत तात्याला दाखवू."

मी पण म्हटलं, "हो, खोल."

वाल्मीक बोलला, "नाही खोलणार."

"का रे?"

"दुरुस्त करून नेला तर तात्या काय बघणार? बरोबर चालणारा मीटर. ते बोलतील, त्या दिवशी पण असाच बरोबर होता. शेठ, हा मीटर साक्षीदार आहे. खोटं बोलतोय तोपर्यंतच आपल्या कामाचा."

दाजीशेठ माझ्याकडे बघायला लागले. मी असं तोंड केलं की हे मला आधीपासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गणेशपुरीला गेलो. वाल्मीक एकटा गाडीवर, काटा तसाच खोटा ठेवून. मी, दाजीशेठ आणि केसरी शेठच्या जीपने. महादूतात्या अंगणात भात वाळत घालत होते. केसरीला बघून त्यांनी पाठ फिरवली. दाजीशेठशी बोलले, पण ताठ.

"दाजी, तू आलास, चहा घे. पण त्यो विषय न्हाय."

"तात्या, मीटर खोटा हाय," दाजीशेठ बोलले. "हा वाल्मीक, मीटरवाला. याच्याबरोबर गाडीवर बसा, तुमी स्वतःच बगा."

"मी त्या गाडीवर बसनार न्हाय."

आता गंमत बघा. एवढे मोठे शेठ बोलतायत, तात्या हलत नाहीत. वाल्मीकने काही आग्रह केला नाही. हातातलं घड्याळ काढलं, तात्यांच्या समोर धरलं. बोलला, "तात्या, मी चालवतो. घड्याळ तुमच्या हातात. जिथं भीती वाटेल तिथं पाठीवर थाप मारा, मी पाय टेकवतो. तुमच्या घरात काय झालंय ते मला माहीत आहे. मी पण एका आईचा मुलगा आहे."

तात्या घड्याळाकडे बघत राहिले. मग बोलले, "पन मना ह्यो हिशोब कलत न्हाय. सेकंदावरून वेग कसा काढाचा?"

वाल्मीक बोलला, "एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत नव्वद सेकंद लागले, तर..."

"चाळीस," आतून आवाज आला.

सगळे दाराकडे बघायला लागले. दारात कमळ होती, हातात पाण्याचे तांबे. तात्यांच्या बायकोने, जानकीबाईंनी, तिला कोपर मारलं, पण पोरगी थांबली नाही. "तासात छत्तीसशे सेकंद. नव्वदनं भागलं की चाळीस. आणि ऐंशीनं चालवली असंल तर पंचेचाळीस सेकंदात दगड यायला पायजे, बाबा." एवढं बोलून आत गेली.

केसरी जमिनीकडे बघत होता, पण कान लाल झाले होते. जानकीबाई नवऱ्याला बोलल्या, "बसा आता. का पोरीला हिशोब करायला पाठवू गाडीवर?"

तात्या बसले. धोतर गुंडाळून, वाल्मीकचा शर्ट दोन्ही मुठीत धरून. गाडी गेली.

आम्ही अंगणात थांबलो. दाजीशेठनी चार वेळा तपकीर ओढली. मी बोलत होतो, कारण मी गप्प बसलो तर मला वाटतं काहीतरी बिघडलंय. केसरी मध्येच बोलला, "दादा, तुमची नोकरी गेली तर?" म्हटलं, तू तुझं बघ.

पुढचं मला तात्यांनीच नंतर सांगितलं. पहिला दगड ते दुसरा, काटा ऐंशीवर, घड्याळात एक्क्याण्णव सेकंद. दुसरा ते तिसरा, एकोणनव्वद. घड्याळ पण बिघडलेलं असू शकतं, असं तात्यांच्या मनात. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. भिवंडी-गणेशपुरी एसटी. ती एसटी तुम्ही बघितली नसेल, पण त्या रस्त्यावर तिला बैलगाडीवाले पण घाबरायचे नाहीत. ती आली, बाजूने गेली, आणि धूर सोडत पुढे निघून गेली. कंडक्टरने खिडकीतून तात्यांना ओळखून हात केला.

तात्यांनी काट्याकडे बघितलं. ऐंशी.

"आरं," ते बोलले, "ऐंशीच्या गाडीला ही यष्टी मागं टाकते?"

वाल्मीक बोलला, "टाकली ना."

मग तात्या इतके हसले की वाल्मीकला गाडी थांबवावी लागली. भावाने घड्याळ दिलं, दगड दिले, हिशोब दिला. पण तात्यांना पटवलं एसटीने. वाल्मीक हे स्वतः सांगतो, मी नाही.

परत आले तेव्हा तात्यांचा चेहरा मोकळा होता. पण माणूस पक्का. ओट्यावर बसले आणि बोलले, "काटा खोटा, हे मानलं. पन नवी गाडी खोटं का बोलते? कारन कललं पायजे. नायतर उद्या परत कायतरी खोटं दाकवंल, आनि ह्यो पोरगा परत शप्पथ घेल."

वाल्मीकने ताट मागितलं. जानकीबाईंनी स्टीलचं ताट दिलं. त्यात त्याने मीटर काढून ठेवला. मीटरच्या काचेभोवती पत्र्याची कड दाबलेली असते, ती उघडणं हेच खरं काम. गॅरेजवाले इथंच काच फोडतात. वाल्मीक लूमच्या फणीची मोडलेली तार वापरायचा, चपटी आणि पातळ. मीच आणून द्यायचो. ती तार कडेखाली घालून तो केसाएवढी केसाएवढी कड उचलत गेला. अर्धा तास. कुणी हललं नाही. कमळ पण दारातून बघत होती आणि तिला आता कुणी आत पाठवत नव्हतं.

काच निघाली. त्याने डबा खोलून दाखवला. "तात्या, हे बघा. हे लोहचुंबक, केबलने फिरतं. ही वरची ॲल्युमिनियमची वाटी, हिला काटा लावलाय. ही दोघं एकमेकांना टेकत नाहीत. मध्ये नुसती हवा पाहिजे. चुंबक फिरलं की वाटी थोडी ओढली जाते, काटा तेवढाच उठतो." त्याने तारेचं टोक मध्ये घातलं आणि बाहेर काढलं. टोकाला थेंब लटकत होता. "इथं तेल भरलंय. तेलाने वाटी चुंबकाला चिकटून ओढली जाते, म्हणून काटा दुप्पट पळतो आणि परत येताना रेंगाळतो."

"तेल कुठून आलं?" तात्यांनी विचारलं.

वाल्मीकने थेंब बोटावर घेतला, वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. एकदाच. आणि मान खाली घातली. बोलला, "कसं आलं ते सांगता येत नाही. पण आलंय."

मला तेव्हा आठवलं.

दसऱ्याला आमच्या कारखान्यात लूमची पूजा होते. सगळं पुसायचं, तेल घालायचं, झेंडू लावायचा. केसरीची नवी गाडी पण लूमच्या रांगेत उभी केली होती, हार घालून. रांगेत ढकलत आणताना मीटरजवळ केबल बारीक करकरत होती. आमच्याकडे काय, करकरलं की तेल. आमचे कारखानेच तेलावर जगतात. मी केबल मीटरपासून सोडली, तेलाच्या डब्याची लांब नळी खालून मीटरच्या भोकात घातली आणि चार पिचकाऱ्या मारल्या. लूमच्या बेअरिंगला देतो तशा. पोटभर. वर म्हटलं पण, घे, दसरा आहे.

वाल्मीकला तो वास कळला होता. घरात माझ्या कपड्यांना रोज तोच वास. त्याला सगळं कळलं होतं आणि तो गप्प बसला होता, कारण शेठ समोर होते आणि मी नोकरीची पैज लावून बसलो होतो.

तात्या परत बोलले, "कारन पायजे. कारनाशिवाय मी पोरगी देनार न्हाय."

वाल्मीक तोंड उघडणार होता. मला माहीत होतं तो काय करणार. कुठल्या तरी गॅरेजवाल्याने घातलं असेल म्हणणार. खोटं. आणि तो कधी खोटं बोलत नाही, म्हणून अडखळणार, आणि तात्या पकडणार.

मी पुढे झालो. "तेल मी घातलं," म्हटलं. "दसऱ्याला. लूमच्या डब्याने, चार पिचकाऱ्या. मी जॉबर आहे, मला वाटलं सगळ्याच मशिनींना तेल लागतं. पोराची काही चूक नाही. त्याला माहीत पण नव्हतं."

दाजीशेठ माझ्याकडे बघत राहिले. म्हटलं, गेली नोकरी. लोक म्हणतात कबूल करायला मोठं मन लागतं. मन माझं मोठं आहेच, पण त्या दिवशी मनाचं काम नव्हतं. माझा भाऊ माझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला निघाला होता, आणि ते मला बघवलं नसतं.

मग तात्या दाजीशेठना बोलले, "दाजी, तुझा जॉबर मीटरला बी लूम समजतो."

जानकीबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. दाजीशेठ पण हसले. केसरी मला बोलला, "दादा, तुमी माझं लग्न मोडलंत ना." म्हटलं, मोडलं मी, जोडलं माझ्या भावाने, हिशोब घरातच मिटला.

वाल्मीकने वाटी पेट्रोलने धुतली, रुमालाने पुसली, उन्हात सुकवली. कड परत बसवली, इतकी साफ की उघडली होती हे कुणी सांगितलं नसतं. मीटर गाडीला लावला. या वेळी तात्या आपणहून उठले. पण वाल्मीकला बोलले, "तू थांब. केसरी, तू चालव."

केसरी घाबरतच बसला. तात्या मागे. परत आले तेव्हा गाडी एवढी हळू आली की वेशीपाशी कुत्रं तिच्यापुढे चालत होतं. तात्या उतरले. "चाळीसवर काटा, घड्यालात नव्वद. बरोबर हाय." मग केसरीच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या दिवशी तू खरं बोलत होतास. मी ऐकलं न्हाय. दौलत बी बोलायचा, मी सावकाश चालवतो. त्याचं बी मी कधी ऐकलं नव्हतं." एवढंच बोलले. घरातून दौलतची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तात्यांसमोर ठेवून गेली.

सुपारी तिथंच फुटली. ठरवून आलो नव्हतो, त्यामुळे सुपारी शेजारच्या दुकानातून आणली, साखर घरातली. ओट्यावर चटई टाकली. एका बाजूला दाजीशेठ, एका बाजूला तात्या. वाल्मीक अंगणात गाडीजवळ हत्यारं पिशवीत भरत होता. अशा वेळी शेठ-मालकांच्या बरोबरीने आम्ही वर बसायचो नाही, ओट्याखालीच थांबायचो. कुणी सांगायचं नाही, पण थांबायचो. माझे वडील याच दाजीशेठच्या वडिलांच्या ओट्याखाली थांबून म्हातारे झाले.

तात्यांनी चटईवर आपल्या बाजूची जागा हाताने झाडली. "मीटरवाला, इकडं ये. इथं बस."

वाल्मीक बोलला, "तात्या, हात तेलाचे आहेत."

"तेल तुझ्या भावाचं हाय. बस."

तो बसला. तात्यांच्या मांडीला मांडी लावून. जानकीबाईंनी त्याच्या हातावर पण साखर ठेवली, बाकीच्यांसारखीच. दाजीशेठनी मला खूण केली, तू पण ये वर. माझी नोकरी गेली नाही हे मला त्या खुणेत कळलं.

मी गेलो नाही लगेच. मी अंगणात उभाच राहिलो. वर बसलो असतो तर माझा भाऊ तिथं बसलेला मला नीट दिसला नसता.